रिकाम्या वर्गातला पंखा: कॉलेजात नव्याने आलेल्यांसाठी वीज वाचवण्याची सुरुवात

दुपारचा दीड वाजलेला असतो. लेक्चर संपतं, साठ-सत्तर जणांचा लोंढा कॅन्टीनकडे निघतो आणि मागे वर्गात सहा पंखे फिरत राहतात. फळ्याखालची खडूची भुकटी उडत असते, कुणाच्या तरी वहीचं सुटलेलं पान बाकाखाली फडफडत असतं. पुढचं लेक्चर तीन वाजता. मधला दीड तास ते पंखे कुणासाठी फिरतात?

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे आणि राहायला कोपरखैरण्याला. दर पावसाळ्यात एफ.वाय.ची नवी मुलं येतात. त्यातली काही एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घालतात आणि आठवड्याभरात येऊन विचारतात, "मॅडम, वीज वाचवायची मोहीम करायची आहे, पोस्टर कुठे लावू?" मी त्यांना सांगते, पोस्टर नंतर, आधी दोनशे पानी वही आणा. त्या वहीत काय लिहायचं आणि त्यानंतर काय करायचं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. घरी पंखा चालू राहिला की आई आतून हाक मारते, कारण बिल घरी येतं. कॉलेजचं बिल ऑफिसात जातं, तिथून ट्रस्टकडे, आणि ते पाहणारी दोन-तीनच माणसं असतात. वर्ग सगळ्यांचा, त्यामुळे बटण कुणाचंच नाही. कॉलेजात वीज वाया जाते त्यातली निम्मीअधिक या एका कारणाने जाते, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. तेव्हा तुमचं खरं काम आहे प्रत्येक बटणाला एक माणूस मिळवून देणं.

पहिली पायरी: वॅट आणि युनिट

बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालणं. बस, एवढंच. आता वर्गात वर बघा. साधा जुना छताचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो. एलईडी ट्यूब १८ ते २० वॅट. जुनी जाडी ट्यूब असेल तर ती ४० वॅटची, आणि तिचा चोक वरचे दहा-पंधरा वॅट खातो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की तासाला साधारण दीड युनिट. मोबाइलचा चार्जर फोनशिवाय नुसता सॉकेटात राहिला तर अर्ध्या वॅटहूनही कमी घेतो. म्हणून 'चार्जर काढा' अशी मोहीम आमच्या मुलांनी सुचवली तेव्हा मी नको म्हटलं. काढला तर चांगलंच, पण वर्षभराची मेहनत त्यावर घालवू नका.

आता त्या दुपारच्या वर्गाचा हिशेब वहीत मांडा. सहा पंखे गुणिले ७५, म्हणजे ४५० वॅट. आठ एलईडी ट्यूब गुणिले २०, म्हणजे १६०. एकूण ६१० वॅट. दीड तासाला ०.९ युनिट. एका वर्गाचं हे काहीच वाटत नाही. पण असे वीस वर्ग धरले तर एका दुपारचे १८ युनिट, आणि कॉलेजचे १८० दिवस धरले तर सव्वातीन हजारांच्या वर. आपल्या ग्रिडमधली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, चंद्रपूर-कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांतून येणारी. एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे रिकाम्या वर्गांच्या फक्त दुपारच्या सुट्टीपायी वर्षाला दोन टनांहून जास्त.

ही वीज येते कुठून ते डोळ्यांनी बघायचं असेल तर ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीच्या आसपास खिडकीबाहेर पाहा. उंच मनोऱ्यांच्या ओळी दिसतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघे वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांना एका तारेवर आपलं किती काही अवलंबून आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी: आठवडाभर नुसतं बघा

पहिल्या आठवड्यात काहीही बंद करायला जाऊ नका. वही घेऊन फिरा. प्रत्येक मजल्याचं एक पान, प्रत्येक खोलीची एक ओळ: पंखे किती, ट्यूब किती, एसी किती, आणि रिकामी असताना काय चालू सापडलं. वेळ लिहायलाच हवी. दिवसातून तीन फेऱ्या पुरतात. सकाळच्या पहिल्या लेक्चरआधी एक, मधल्या सुट्टीत दुसरी, कॉलेज सुटल्यावर तिसरी. चौघांनी मजले वाटून घेतले तर एक फेरी वीस मिनिटांत होते.

फिरताना खिडक्यांकडेही बघा. आमच्याकडे दोन वर्गांत भर दुपारी ट्यूब लागायच्या, कारण खिडकीपुढे जुन्या उत्तरपत्रिकांची लोखंडी कपाटं उभी होती. एका शनिवारी मुलांनी आणि शिपाईमामांनी मिळून ती मागच्या भिंतीला सरकवली, काच पुसली, आणि खिडकीकडच्या ओळीतल्या ट्यूब दिवसा लावायची गरजच उरली नाही. यात एक रुपयाही खर्च झाला नाही.

तिसरी पायरी: मीटर वाचा

मीटरच्या खोलीला कुलूप असतं आणि ते असायलाच हवं. प्राचार्यांच्या नावाने विभागप्रमुखांमार्फत साधा अर्ज करा, आणि आत जाताना कॉलेजच्या वायरमनला सोबत घ्या. तिथे कशालाही हात लावायचा नाही, पॅनेलचं दार उघडायचं नाही. फक्त डिस्प्लेवर आळीपाळीने येणाऱ्या आकड्यांमधून केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे आपलं युनिटच) असं लिहिलेला आकडा टिपायचा.

नवखी मुलं इथे हमखास चुकतात. मोठ्या कॉलेजच्या मीटरवरच्या दोन नोंदींमधला फरक म्हणजे थेट युनिट नसतात. बिलावर एमएफ म्हणून एक गुणक छापलेला असतो, त्याने गुणावं लागतं. मीटरवर चारचा फरक दिसला आणि एमएफ ४० असला तर खरा वापर १६० युनिट. आमच्या पहिल्या वर्षीच्या मुलांनी हा गुणक धरलाच नव्हता, आणि दोन महिने आपलं कॉलेज फारच काटकसरी आहे अशा समजुतीत सगळे होते. तेव्हा ऑफिसातून मागच्या बारा महिन्यांच्या बिलांच्या झेरॉक्स मागून घ्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत बिल बहुतेक महावितरणचं असतं, कळवा-मुंब्रा भागात टोरंट पॉवरचं. युनिट, एमएफ आणि कमाल मागणी (महिन्यात एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली गेली) हे तीन आकडे महिनावार वहीत उतरवा. उच्चदाबाची जोडणी असेल तर पॉवर फॅक्टरकडेही (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते ते सांगणाऱ्या आकड्याकडे) लक्ष द्या. तो खराब असेल तर बिल वाढतं, पण तो सुधारणं वायरमनचं आणि कॉलेजचं काम आहे, तुमचं नाही.

आता माझा आवडता प्रयोग. शनिवारी कॉलेज बंद होताना एक नोंद घ्या आणि रविवारी संध्याकाळी त्याच वेळी दुसरी. मधल्या चोवीस तासांत वर्ग नाहीत, लेक्चर नाहीत, तरी मीटर पुढे गेलेला असतो. तो कशाने गेला याची यादी करायची. सीसीटीव्ही, सर्व्हर, जीवशास्त्राचा फ्रिज, वॉचमनच्या केबिनचा दिवा, रात्रीचे बाहेरचे दिवे, ही सगळी रास्त कामं. त्यांचे वॅट जोडा, तासांनी गुणा, आणि मीटरच्या आकड्यातून वजा करा. जे उरतं ते शोधायला निघा.

आम्ही निघालो होतो. रविवारची इमारत इतकी शांत असते की जिन्यात उभं राहिलं तरी कुठे काय चालू आहे ते ऐकू येतं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि 'घर्र' असा आवाज झाला. टोकाला, बंद वाचनकक्षाबाहेर, वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर चालू झाला होता. हात लावला तर कडेची पत्र्याची जाळी कोमट. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत त्या मजल्यावर चिटपाखरू फिरकत नाही, आणि कूलर दर थोड्या वेळाने तेच पाणी पुन्हा गार करत बसतो, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी धरून. वॉचमनकाका म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही बंद करायला. सांगितलं असतं तर केलाच असता." त्या दिवसापासून शनिवारी कूलरचं बटण काकांकडे आहे.

चौथी पायरी: बटणाला माणूस

काकांचं ते वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं काम त्याच्यावर चालतं. प्रत्येक वर्गासाठी दोन जण ठरवा. मुलगा-मुलगी कुणीही, पण शेवटच्या बाकावर बसणारे असावेत, कारण तेच शेवटी बाहेर पडतात. दर महिन्याला नावं बदला आणि कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

दुसरं काम बोर्डाचं. आठ-दहा बटणांच्या बोर्डावर कुठलं बटण कुठल्या पंख्याचं हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून माणूस येतो आणि सगळीच दाबतो. दहा मुलं पुढच्या दोन बाकांवर बसलेली आणि वर सहा पंखे, आठ ट्यूब, असं दृश्य त्यातूनच तयार होतं. प्रत्येक बटणाखाली छोटी चिठ्ठी लावा: 'पुढची डावी ट्यूब', 'मागचा खिडकीकडचा पंखा'. मराठीत, मोठ्या अक्षरात, वर पारदर्शक चिकटपट्टी. वर्गामागे अर्धा तास लागतो आणि मला तरी पोस्टरपेक्षा याचा उपयोग शंभर पटीने जास्त वाटतो.

झाडलोट करणाऱ्या मावशी आणि शिपाईमामा यांच्याशी आधी बोला. इमारतीची खरी माहिती त्यांना असते. कुठला वर्ग किती वाजता रिकामा होतो, कुठलं बटण सैल आहे, कुठला पंखा धुळीने जड झालाय, हे ते न बघता सांगतात. त्यांना उपदेश करायला जाऊ नका, त्यांच्याकडून शिकायला जा. शिपाईमामांनी एकदा सांगितलं की सकाळी सात वाजता ते सगळ्या वर्गांचे दिवे लावत मजला चढतात, कारण 'मुलं आल्यावर अंधार दिसू नये'. आम्ही त्यांना वर्गांचं वेळापत्रक छापून दिलं. आता ज्या वर्गात पहिलं लेक्चर आहे तेवढेच दिवे लागतात.

काही बटणांना मात्र विचारल्याशिवाय हात लावायचा नाही: प्रयोगशाळांचे फ्रिज आणि इनक्युबेटर, धुराड्याचा पंखा, सर्व्हर, सीसीटीव्ही, मत्स्यालयाचा हवेचा पंप. उत्साहाच्या भरात सूक्ष्मजीवशास्त्राचा इनक्युबेटर बंद झाला तर कुणाचं तरी महिन्याचं काम जातं. अशा बोर्डांवर लाल चिठ्ठी लावा.

पाचवी पायरी: जिथे जास्त जाते तिथे

एसी. २०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबलचे नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात, तसा केंद्राचा नियम आहे. तरी रिमोट हातात आला की लोक १८ करतात. त्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ चालतो. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं की तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. आपल्याकडे त्रास उष्णतेपेक्षा दमटपणाचा. घाम वाळत नाही म्हणून जीव घाबरा होतो. त्यावर उपाय २६ अंश आणि सोबत छताचा पंखा हळू. सेमिनार हॉलचा एसी कार्यक्रमाआधी तासभर लावून ठेवतात, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आभारप्रदर्शन सुरू झालं की बंद करा, गारवा तेवढा वेळ टिकतो. जाळी महिन्यातून एकदा धुतली जाते का, तेवढं विचारा.

पंखे. रेग्युलेटर जुना मोठ्या डब्याचा असेल तर पंखा हळू केल्याने फारशी वीज वाचत नाही, उरलेली त्या डब्यात उष्णता होऊन जाते. नवा इलेक्ट्रॉनिक असेल तर वाचते. आणि कॉलेज कधीतरी पंखे बदलणार असेल तर बीएलडीसी (ब्रशशिवायच्या मोटरच्या) पंख्याचा आग्रह धरा. तो साधारण ३० वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. दिवसाला सहा तास आणि वर्षाला २०० दिवस धरले तर एका पंख्यामागे ५४ युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायला सांगू नका, जो जळेल त्याच्या जागी नवा, एवढंच मागा. ते मिळतं.

कॉम्प्युटर लॅब. स्क्रीनसेव्हरने काहीही वाचत नाही, स्क्रीन तितकीच जळत असते. दहा मिनिटांनी स्लीपमध्ये जाण्याचं सेटिंग लॅबच्या सरांकडून एकदाच सगळ्या मशीनवर करून घ्या. मशीन बंद करून मुलं निघून गेली तरी कोपऱ्यातला मोठा यूपीएस गुणगुणत असतो. शेवटच्या बॅचनंतर तो कुणी बंद करायचा, हे सरांना विचारून ठरवा.

विज्ञानाची प्रयोगशाळा. माझं घरच ते, म्हणून इथे थोडं थांबते. प्रयोगशाळेत सगळ्यात महाग काय, असं विचारलं की मुलं रसायनांची नावं घेतात. मी डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनकडे बोट दाखवते. एक लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायला जवळजवळ पाऊण युनिट लागतंच, ते निसर्गाचंच गणित आहे, कुठलंही यंत्र आणा. वर ती वाफ पुन्हा थंड करायला वीसएक लिटर नळाचं पाणी वाहून जातं. आणि मुलं काय करतात? ब्युरेट, बीकर, कोनिकल फ्लास्क, सगळं कॅनच्या तोटीखाली धरून धुतात. मी उभी राहून बघते, पोरगी मन लावून फ्लास्क विसळते आहे, तोटी पूर्ण उघडी, आणि बेसिनमध्ये अर्धा लिटर गेलेलं.

पद्धत अशी आहे: आधी नळाच्या पाण्याने नीट धुवा. मग वॉश बॉटलमधून थोडं डिस्टिल्ड वॉटर आत घालून भांडं गोल फिरवा आणि ओतून द्या. असं दोनदा किंवा तीनदा, प्रत्येक वेळी पाच-दहा मिली पुरे. थोड्या थोड्या पाण्याने तीनदा विसळलेलं भांडं एकदाच भसाभस धुतलेल्यापेक्षा स्वच्छ निघतं, हे तुम्ही पुढे निष्कर्षणाच्या धड्यात शिकालच. ब्युरेट शेवटी त्यात भरायच्या द्रावणानेच विसळायची. कोनिकल फ्लास्क मात्र नाही. आम्ही कॅनच्या तोटीला चिठ्ठी बांधली, 'फक्त वॉश बॉटल भरण्यासाठी', आणि दर सोमवारी किती लिटर तयार करावं लागलं ते वहीत लिहायला लागलो. एका सत्रातच असं झालं की सोमवारी लावावं लागणारं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बुधवारपर्यंत लावायची गरज पडेनाशी झाली.

ओव्हन भांडी वाळवायला दिवसभर लावून ठेवू नका. रात्री रॅकवर उलटी ठेवलेली भांडी सकाळपर्यंत वाळतात, पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर. ब्युरेट-पिपेट तर ओव्हनमध्ये घालायचीच नसतात, त्यांचं माप बिघडतं. फ्रिजच्या दारात कागद अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आला तर रबर गेलंय, आतला गारवा रात्रंदिवस बाहेर पडतोय. फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ साचला असेल तर मॅडमना विचारून, नमुने हलवून, तो वितळवा.

लिफ्ट आणि पाणी थोडक्यात. चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढा, तब्येतीला बरं, पण बिलात त्याने मोठा फरक पडेल ही अपेक्षा नको. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी लिफ्ट मोकळी राहते हा त्यातला खरा फायदा. पाणी वर चढवायला हजार लिटरमागे युनिटचा एखादा दशांश लागतो. गळका नळ विजेपेक्षा पाण्यासाठी दुरुस्त करा. टाकी ओसंडून पंप तासभर चालू राहत असेल तर मात्र पंपावाल्यांना फ्लोट स्विचबद्दल (टाकी भरली की पंप आपोआप बंद करणाऱ्या बटणाबद्दल) सांगा.

होस्टेलवर राहत असाल तर गिझर बघा. आपल्याकडचं पाणी मुळात कोमट. १५ लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायला ०.३५ युनिट पुरतं, २ किलोवॅटच्या गिझरला साधारण अकरा मिनिटं. तो पहाटे पाचला लावून आठपर्यंत ठेवला तर पाणी निवतं आणि परत तापतं. पाठोपाठ अंघोळीचे नंबर लावा, तेवढं पुरे.

सहावी पायरी: ऑफिसात जाताना

तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की त्या आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांना दाखवा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅककडून ऊर्जाबचत आणि पर्यायी ऊर्जेबद्दल विचारतात, आणि त्यांना दाखवायला खरे आकडे हवेच असतात. तुमच्या वहीचं तिथे स्वागत होईल. एनएसएसच्या वर्षाच्या १२० तासांत हे काम धरता येतं का, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन, त्या दिवशी सादरीकरण मागितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

एका वेळी एकच मागणी घेऊन जा, आणि तिच्याबरोबर आकडा. 'सगळीकडे एलईडी करा' म्हणण्यापेक्षा 'दुसऱ्या मजल्यावर अजून १४ जाड्या ट्यूब आहेत, या त्यांच्या खोल्या' असं म्हटलं की सरांना सही करायला सोपं जातं. गच्चीवरच्या सोलरबद्दल विचारलं तर तुम्हाला एवढं माहीत असू द्या: एक किलोवॅटला सावली नसलेली साधारण दहा चौरस मीटर जागा लागते, आणि सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. आपल्या जून ते सप्टेंबरात त्याहून बरीच कमी. सोलर आधीपासून असेल तर काचेवर धूळ किती आहे ते बघून या. घोडबंदरकडे किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला ती पटकन साचते.

मार्चमध्ये परीक्षा जवळ आल्या की फेऱ्या थांबतात, ते ठीक आहे. फक्त त्याआधी वही पुढच्या वर्षाच्या मुलांना द्यायची सोय करा. आमची वही सुतळीने बांधून मीटरच्या खोलीबाहेरच्या खिळ्याला टांगलेली असते, पेनासकट. शेवटच्या पानावर एमएफ, वायरमनचा नंबर, कूलर बंद करणाऱ्या काकांचं नाव आणि शनिवारच्या नोंदीची वेळ लिहिलेली आहे. नवं वर्ष सुरू झालं की पहिल्या शनिवारी एफ.वाय.चं कुणीतरी येतं, आणि मागच्या नोंदीखाली पुढची ओळ लिहितं.